बॉल नसलेली पोरं

निवृत्त झालेल्या माणसानं जुन्या कामाच्या जागी सारखं जाऊन बसू नये, असं आमच्या आबांचं मत होतं. तरीही कॉलेजच्या संघाची मॅच असली की ते शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर हजर असायचेच. "कॉलेजात कुठं गेलोय? मैदानात आलोय," एवढंच त्यांचं म्हणणं.

आबा म्हणजे माझ्या आईचे वडील. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात ते जिमखाना सांभाळायचे आणि फुटबॉलचा संघ तयार करायचे. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली निघालं, त्याच्या आगेमागे ते नोकरीला लागले. आजीचा हिशोब वेगळा. तिच्या मते धाकटा मामा रांगत होता तेव्हा आबांना ऑर्डर आली. मी कॉलेजात असताना ते निवृत्त झाले आणि तेव्हापासून त्यांच्या शेजारी बसून मॅच बघायचं काम माझ्याकडं आलं. मामा मंडळींना पेठेच्या मॅचेस हव्या असायच्या. कॉलेजच्या मॅचला एवढी गर्दी नसायची, म्हणून मला आबा पूर्ण मिळायचे.

खिशात भाजक्या शेंगा, डोक्याला टोपी, मांडीवर घडी घातलेला पेपर. मॅच सुरू झाली की शेंगा सोलायचा हात थांबायचा. मी बॉलमागं मान फिरवत बसले की ते हळूच म्हणायचे, "बॉलकडं काय बघतीस? बॉल सगळ्यांनाच दिसतोय. पलीकडचा हाफ कुठं उभारलाय बघ." मग मी त्या हाफकडं बघायचे. तो कमरेवर हात ठेवून उभारलेला असायचा. "बघ, दमला नाही तो. रुसलाय. मघाशी हात वर केला तेव्हा कुणी पास दिला नाही त्याला." आणि खरंच, पुढं बराच वेळ तो पोरगा जागचा हलायचा नाही.

आबांचं सगळं बोलणं असं बॉल नसलेल्या पोरांविषयी असायचं. मैदानावर बावीस जण, बॉल एकाच्या पायात. म्हणजे उरलेल्या एकवीस जणांचा खेळ बघायचा राहूनच जातो, हा त्यांचा हिशोब. गोल कुणी मारला हे ते चार दिवसांत विसरायचे, पण गोल होताना डावीकडून फुकट कोण पळालं, आपल्याबरोबर त्यांचा बॅक ओढून कुणी नेला, हे त्यांना वर्षानुवर्षं ध्यानात असायचं.

हे सगळं मात्र फक्त मला, आणि तेही हळू आवाजात. खाली नवीन सर बसलेले असायचे. शेजारचं कुणीतरी हमखास म्हणायचं, "आबा, जरा सांगा की सरांना. तो सेंटर हाफ पार पुढं जातोय." आबा मान हलवायचे. "सासूनं सुनेच्या चुलीत फुंकर घालू नये," म्हणायचे. एकदा संघ फार वाईट हरला. एक तरुण वार्ताहर पायऱ्या चढून वर आला आणि विचारू लागला, "सर, तुमच्या वेळी असं झालं असतं का?" आबा म्हणाले, "आमच्या वेळी यापेक्षा जास्त गोल खाल्लेत. लिहा." पोरगा लिहून घ्यायचं सोडून निघून गेला. घरी आल्यावर मात्र आबांनी ताटाशेजारी शेंगदाणे मांडले. अकरा इकडं, अकरा तिकडं. राइट हाफ कुठं चुकला हे मामाला दाखवता दाखवता आमटी गार झाली. आजी म्हणाली, "आवं, जेवा आता. पोरं जेवून झोपली पण असतील." आबा म्हणाले, "झोपली नसतील. हरल्यावर झोप लागत नसती."

कोल्हापूरच्या फुटबॉलविषयी बाहेरच्या माणसाला सांगायचं तर तालमीपासून सुरुवात करावी लागते. इतर गावांत क्लब असतात, आमच्याकडं तालमी. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब ही नावं तेवढी वेगळ्या वळणाची. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागचं मैदान बांधून झालं आणि पेठेपेठेतल्या तांबड्या मातीत पोरं घुमू लागली. त्याच तालमींच्या दारात पुढं फुटबॉल आला. राजवाड्यातून आला, राजाराम कॉलेजातून आला की छावणीतून, यावर आमच्या घरात एकमत नव्हतं. आबांचे वडील म्हणायचे राजवाड्यातून. आबा म्हणायचे, कुठूनही येऊ दे, पोरांनी तो तालमीत आणला हे महत्त्वाचं.

आबांच्या वडिलांना मुलगा पैलवान करायचा होता. पहाटे जोर-बैठका, मग कुंडीत घोटलेली बदाम-खसखशीची थंडाई, रात्री गंगावेशीत जाऊन समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध. हा सगळा खुराक आबांनी इमानानं खाल्ला आणि संध्याकाळी अनवाणी फुटबॉल खेळले. तेव्हाचा बॉल चामड्याचा, आत ब्लॅडर, वर लेस. पावसात भिजला की जड व्हायचा आणि लेसवर डोकं लागलं तर कपाळावर वळ उठायचा. आबांच्या भुवईवर बारीकसा व्रण होता. तो लेसचा, असं ते सांगत. आजी म्हणायची, जिन्यावरून पडल्याचा.

संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्यानंतर काही वर्षांत आबा कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या कोर्सला गेले. मुंबई त्यांना कधी मानवली नाही. जेवणात तिखट नाही ही पहिली तक्रार. पण सुट्टीच्या दिवशी लोकलनं चर्चगेटला उतरून कूपरेज मैदानावर जायचं, हे सुख तिथं होतं. रोव्हर्स कपाचे ते दिवस. हैदराबाद पोलीस संघानं १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं तो कप नेला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम मूळचे शाळामास्तर. ही गोष्ट आबांनी मनात जपून ठेवली. त्यांनी रहीमसाहेबांना लांबून पाहिलं होतं की जवळून, हे सांगताना दर वेळी अंतर थोडं कमी व्हायचं. शेवटी शेवटी तर रहीमसाहेबांनी त्यांना "कहाँ से हो?" असं विचारलंही होतं. आम्ही कुणी अडवलं नाही. ते विचारलं असावं असंच मला वाटत आलंय.

याच काळातली हेलसिंकीची गोष्ट ते पोरांना सांगायचे. १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये आपल्या संघातले बरेच जण थंडीत अनवाणी खेळले आणि युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ असं हरवलं. त्यानंतर फुटबॉल महासंघानं बूट सक्तीचे केले. चार वर्षांनी मेलबर्नला, रहीमसाहेबांच्याच हाताखाली, आपण ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवून उपांत्य फेरीत गेलो. मुंबईत खेळणाऱ्या, मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझानं त्यात तीन गोल मारले. हे तीन गोल आबांनी पाहिलेले नव्हते, पेपरात वाचलेले. तरीही ते त्याविषयी बोलताना आपला उजवा पाय नकळत हलवायचे.

सक्ती झाली तरी कॉलेजात बूट कुठून येणार? जिमखान्याच्या कपाटात काही जोड होते, ते पोरांच्या पायांपेक्षा लहान किंवा मोठे. पुढच्या चवड्यात चिंध्या कोंबायच्या, घोट्याला अँकलेट आवळायचे आणि उतरायचं. मॅच संपली की बूट धुऊन आमच्या परसात वाळत पडायचे. आजीच्या कुरडयांशेजारी बूट वाळत घातलेले मी पाहिलेत. यावरून घरात जे व्हायचं ते व्हायचंच.

बुटांपेक्षा मोठी अडचण पेठांची होती. कॉलेजच्या संघात सगळ्या तालमींची पोरं. ज्यांच्याशी लीगमध्ये इरेला पडून खेळायचं, घोषणांनी ज्यांचे कान किटवायचे, त्यांच्याच शेजारी आता एक रंगाची जर्सी घालून उभारायचं. एका वर्षी संघातले दोन फॉरवर्ड दोन तालमींचे. दोघंही गुणी, पण एकमेकांना पास देईनात. आबांनी भाषण दिलं नाही. त्यांनी दोघांना रोज रात्री गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरून संघासाठी दूध आणायला लावलं. पैसे एकाच्या खिशात, किटली दुसऱ्याच्या हातात. किती दिवस गेले हे आबांनी प्रत्येक वेळी निराळं सांगितलं, पण पुढं पास होऊ लागले. लीगमध्ये आपापल्या तालमीकडून मात्र ते एकमेकांना तसेच भिडायचे. त्यांच्यातल्या एकाच्या मुलीच्या लग्नात दुसरा दारात उभा राहून पाहुण्यांना फेटे बांधत होता, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

या सगळ्यांत आबा ज्याच्याविषयी सर्वांत जास्त बोलायचे तो पोरगा कोल्हापूरचा नव्हताच. १९७२ च्या दुष्काळात तो माण तालुक्यातून आला होता. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायचे, आणि हा वसतिगृहात. वार लावून जेवायची पद्धत तेव्हा मागं पडली होती, तरी आजीनं त्याला सांगून टाकलं, गुरुवारी इकडंच यायचं. मग गुरुवारचे दोन वार झाले, पुढं मोजायचं सोडूनच दिलं. तो गावाकडून येताना कामावर मिळणारी सुकडी पिशवीतून आणायचा आणि आम्हा पोरांना वाटायचा. त्या सुकडीची चव मला आठवते, की आजीनं इतक्यांदा सांगितल्यामुळं आठवतेसं वाटतं, मला ठरवता येत नाही. मॅचच्या आदल्या रात्री आजी त्याला तांबडा रस्सा देत नसे. भाकरी, मुगाची आमटी, दही. सकाळी शेंगदाणा-गुळाचा लाडू. जिंकून आला की मग पांढरा, तांबडा, काय हवं ते.

हा पोरगा लेफ्ट बॅक खेळायचा. त्यानं गोल मारल्याचं कुणाला आठवत नाही. कुठल्या बातमीत त्याचं नाव आलं नाही. आबा म्हणायचे, "त्याच्या बाजूनं गोल झाला नाही म्हणून नाव आलं नाही." निवृत्तीनंतर पायऱ्यांवर बसून ते ज्या ज्या लेफ्ट बॅकला बघायचे, त्याला या पोराशेजारी उभा करायचे. "हा चांगलाय. पण मागं वळून बघत नाही. तो बघायचा." कौतुक असलं तरी त्याला एवढी जोड असायचीच, आणि मला वाटतं त्यात नव्या पोरांवर अन्याय होत नव्हता. आबा ज्याच्यावर काही बोलायचे नाहीत, त्याच्याकडून त्यांची आशा संपलेली असायची. चूक काढली म्हणजे तो अजून आपला होता.

शेवटची काही वर्षं त्यांना स्टेडियमच्या पायऱ्या चढवेनात. मग टीव्ही. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्यांचा विश्वचषक आपल्या देशात झाला आणि संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव. आमच्या पेठेत त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. ९ तारखेला दिल्लीत कोलंबियाशी मॅच. कॉर्नरवर जिक्सन सिंगनं डोक्यानं गोल केला. विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. घरात एकच आरडाओरडा. पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं गोल करून मॅच घेतली. सगळे हळहळले. आबा तेवढे शांत होते. म्हणाले, "गोल झाल्यावरची दोन मिनिटं बॉल नसलेल्यांची असतात. ही पोरं त्या दोन मिनिटांत खूश होती. होऊ दे. पहिला गोल होता." रहीमसाहेबांपासून पाहत आलेल्या माणसानं त्या पोरांना दिलेली ही माफी मला फार मोठी वाटली.

ते गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली. चषक, मेडल कुठंच नव्हते. ते सगळं कॉलेजात. ट्रंकेत संघांचे फोटो होते. मध्ये प्राचार्य, शेजारी आबा, पुढं ढाल, मागं हाताची घडी घातलेली पोरं. प्रत्येक फोटोच्या कडेला एक माणूस बादली घेऊन उभा. तो मैदानावर पाणी द्यायचा आणि त्याच्याशिवाय फोटो काढायचा नाही, हा आबांचा नियम. फोटोखाली नावांची पट्टी होती, ती बहुतेक ठिकाणी वाळवीनं खाल्लेली. आबा असताना एकदा मी त्यांच्याकडून नावं लिहून घ्यायला बसले होते. त्यांनी प्रत्येकाची जागा सांगितली, तालीम सांगितली, पुढं कोण जिल्हा बँकेत लागला, कोण एसटीत, कोण साखर कारखान्यावर, कुणाला कोणतं दुखणं होतं, कोण आजीच्या हातचं काय मागून खायचा, सगळं सांगितलं. दोघांची नावं मात्र त्यांना आठवली नाहीत. त्याचा त्यांना त्रास झाला. रात्री उठून त्यांनी पुन्हा फोटो मागितला होता.

लेफ्ट बॅकचं नाव मला माहीत आहे, बादलीवाल्या काकांचंही. आबांना न आठवलेल्या त्या दोन नावांच्या जागा अजून कोऱ्या आहेत. तुमच्यापैकी कुणी साठ-सत्तरच्या दशकात कोल्हापुरात कॉलेजकडून खेळला असाल, किंवा घरात कुणी खेळलं असेल, तर भिंतीवरचे, ट्रंकेतले ते फोटो खाली काढा. सांगणारं माणूस अजून घरात आहे तोवर त्याच्याशेजारी बसा आणि मागं नावं लिहून ठेवा, बादलीवाल्यासकट सगळ्यांची. पेन्सिलीनं लिहा. शाई पुढं उमटते.