हद्रुमेतमचा मठ आणि कृपेचा वाद

कृपेचा सिद्धान्त म्हटला की धर्मपरिषदांचे ठराव आणि जाडजूड लॅटिन ग्रंथ डोळ्यांपुढे उभे राहतात. सेमिनरीत आम्ही तो तसाच शिकलो. वस्तुतः संत ऑगस्टीन यांचे या विषयावरील दोन महत्त्वाचे ग्रंथ एका लहानशा वाचक-मंडळातील भांडणातून जन्मास आले. आपल्या धर्मग्रामांतून पवित्र शास्त्राच्या अभ्यासासाठी दहा-पंधरा जण एकत्र बसतात आणि मतभेद झाला की पुढच्या आठवड्यात निम्मे येईनासे होतात. त्यांनी तरी ही हकीगत वाचावी.

हद्रुमेतम हे उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील बंदर. आजच्या ट्युनिशियातील सूस. तेथील मठाचे अधिपती होते व्हॅलेंटिनस. इ. स. 426-427 च्या सुमारास या मठातील फ्लोरस नावाचा व्रतस्थ आपल्या गावी, उझालीसला गेला असता ऑगस्टीन यांचे एक दीर्घ पत्र त्याच्या हाती पडले. रोमचे धर्मगुरू सिक्स्टस, जे पुढे 432 मध्ये पोप झाले, त्यांना ते काही वर्षांपूर्वी लिहिलेले होते. फ्लोरसने सोबती फेलिक्सच्या मदतीने त्याची नक्कल उतरवून घेतली. फ्लोरस पुढे कार्थेजला गेला, फेलिक्स नक्कल घेऊन मठात परतला आणि मठाधिपतींच्या नकळत तिचे वाचन सुरू झाले.

हे पत्र पेलेजियसच्या शिकवणुकीविरुद्ध होते. मूळचा ब्रिटनचा हा व्रतस्थ रोममध्ये राहून लोकांना कडक सदाचरण शिकवीत असे. माणसाने मनावर घेतले तर तो स्वसामर्थ्याने देवाच्या आज्ञा पाळू शकतो, हे त्याचे सूत्र होते. त्याच्या मताचा 418 च्या कार्थेज धर्मपरिषदेने निषेध केला. पेलेजियस काही दुर्वर्तनी नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. आळशी ख्रिस्ती माणसांची त्याला चीड होती, आणि ती चीड मला समजू शकते. ऑगस्टीन यांचे म्हणणे असे की कृपेपूर्वी माणसाच्या गाठीला कसलेच पुण्य नसते, आणि ज्या सत्कृत्यांचे बक्षीस देव देतो तीही त्याचीच देणगी असते.

उपवास, जागरण आणि अंगमेहनत यांत आयुष्य घालवणाऱ्या माणसांनी हे ऐकले, तेव्हा काय झाले असेल? काही म्हणू लागले की मग इच्छास्वातंत्र्य उरलेच नाही. न्यायाच्या दिवशी देव कृत्यांप्रमाणे फळ देणार हेही खरे नाही. इतरांना ते पटेना. फ्लोरस परतल्यावर वाद अधिकच भडकला. उझालीसचे बिशप इव्होडियस यांना विचारून पाहिले. त्यांच्या उत्तराने समाधान झाले नाही. अखेर क्रेस्कोनियस आणि फेलिक्स असे दोघे तरुण अडीचशे किलोमीटरांहून अधिक अंतर कापून हिप्पोला ऑगस्टीन यांच्याकडे गेले.

ऑगस्टीन त्या वेळी सत्तरी ओलांडलेले बिशप होते. दोघांना ईस्टरपूर्वी परतायचे होते. त्यांनी त्यांना सण होईपर्यंत ठेवून घेतले. कार्थेज व मिलेविस येथील धर्मपरिषदांची पत्रे आणि पोपमहोदयांची उत्तरे त्यांनी या पाहुण्यांसोबत बसून वाचली. शिवाय आणखी एक पुस्तक वाचले: 258 मध्ये हुतात्मा झालेले बिशप सिप्रियन यांचे प्रभूच्या प्रार्थनेवरील विवेचन. ही निवड मला फार बोलकी वाटते. कृपेचा पुरावा पंडितांच्या वादात शोधण्यापूर्वी आपण रोज काय मागतो ते पाहावे. मोहात पडू नये म्हणून जो देवाकडे मागणे करतो, त्याने मोह जिंकण्याचे बळ केवळ आपले नाही हे आधीच मान्य केलेले असते. आणि जो मागतो, त्याची इच्छाही नाहीशी झालेली नसते. मागणारा तोच तर असतो.

सोबतीने वाचण्याची ही रीत त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. 386 मध्ये मिलानच्या बागेत त्यांचे मनःपरिवर्तन झाले, तेव्हा मित्र अलीपियस जवळच होता. ऑगस्टीन यांनी संत पौलाच्या रोमकरांस पत्रातील ओळी वाचल्या. पुढचीच ओळ, विश्वासात दुर्बळ असलेल्याला जवळ करण्याविषयीची, अलीपियसने स्वतःला लावून घेतली. त्यानंतर कासिसियाकम येथील एका मित्राच्या मळ्यात आई मोनिका, मुलगा अदेओदातुस, अलीपियस आणि काही शिष्य असे मंडळ जमले. रोज चर्चा चाले, लेखनिक ती टिपून घेई. एकदा ट्रिजेशियस या शिष्याच्या तोंडून ख्रिस्ताविषयी चुकीचे विधान गेले. ते लिहू नये अशी त्याने विनंती केली. लिसेन्शियस हट्टाला पेटला की लिहिलेच पाहिजे. मित्राच्या फजितीत त्याला मौज वाटत होती. ऑगस्टीन यांनी त्याची कानउघाडणी केली. पण ती करताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. ते स्वतः अजून स्नानसंस्कार घेतलेले नव्हते. तो पुढे 387 च्या ईस्टरच्या रात्री झाला.

ही कानउघाडणी येथे मुद्दाम सांगितली. कारण हद्रुमेतमचे पाहुणे ‘कृपा आणि इच्छास्वातंत्र्य’ हा त्यांच्यासाठीच लिहिलेला ग्रंथ घेऊन परतले, तरी वाद मिटला नाही. या ग्रंथात लेखकाने बंधूंना तो पुन्हा पुन्हा वाचण्यास, समजले त्याबद्दल देवाचे आभार मानण्यास आणि समजले नाही त्यासाठी प्रार्थना करण्यास सांगितले होते. ऑगस्टीन यांच्या निमंत्रणावरून फ्लोरस हिप्पोला गेला. मठातून नवा प्रश्नही आला: सारे कृपेनेच होत असेल, तर चुकणाऱ्या बंधूला बोल लावण्यात काय अर्थ? त्याच्यासाठी फक्त प्रार्थना करावी!

युक्तिवाद सोयीचा आहे; घराघरांत तो निराळ्या शब्दांत ऐकू येतो. ‘कानउघाडणी आणि कृपा’ या दुसऱ्या ग्रंथात ऑगस्टीन यांनी त्याला उत्तर दिले. दोष दाखवणे हे औषध आहे; वैद्य ते देतो, गुण देवाच्या हाती. कोण अखेरपर्यंत टिकेल हे आपल्याला ठाऊक नसल्याने कोणालाही औषधावाचून सोडता येत नाही. प्रार्थना करावी आणि बोलावेही.

त्याच सुमारास ऑगस्टीन आयुष्यभरातील आपले लेखन तपासून त्याची यादी करीत होते. 93 कृतींची ही यादी हद्रुमेतमच्या बंधूंसाठी लिहिलेल्या याच दुसऱ्या ग्रंथापाशी संपते.