तळटीप : ‘शंवाकि’
२३. शंकर वासुदेव किर्लोस्कर (१८९१–१९७५). लेखकाच्या हिंगोलीतील घरी ‘किर्लोस्कर’चे जुने अंक होते, असा उल्लेख वर आला आहे, त्या मासिकाचे हे संपादक. शंकरराव मूळचे चित्रकार. पंडित सातवळेकरांकडे लाहोरला शिकून ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात आले आणि लोखंडी नांगराच्या विक्रीचे व जाहिरातींचे काम पाहू लागले. १९२० मध्ये सुरू केलेली ‘किर्लोस्कर खबर’ ही आधी गिऱ्हाइकांसाठीची पत्रिकाच होती. शंकररावांनी तिच्यात विज्ञान, उद्योग, समाजसुधारणा आणली आणि १९२९ पासून ती ‘किर्लोस्कर’ झाली. १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके निघाली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यांनी धाडसाने छापले. माल विकताना गिऱ्हाईक ओळखण्याची जी सवय लागली, तिनेच त्यांना वाचक ओळखायला शिकवले, असे आम्हांला वाटते. मराठी मासिकांच्या इतिहासात त्यांच्या या विक्रेतेपणाची दखल फारच थोडी घेतली गेली. जिज्ञासूंनी त्यांचे आत्मचरित्र ‘शंवाकीय’ अवश्य वाचावे. — संपा.