माळव्यातल्या अमेरिकन मोटारी

भोपाळ आणि इंदूर ही एकमेकांना लागून असलेली दोन संस्थाने. दोन्हीकडे 1926 साली आधीच्या राज्यकर्त्याने गादी सोडली आणि तरुण वारस गादीवर आला. भोपाळला सुलतान जहाँ बेगम यांच्यानंतर हमीदुल्ला खान नवाब झाले, तर इंदूरला तुकोजीराव होळकरांनी बावला या मुंबईच्या व्यापाऱ्याच्या खुनात दरबाराचे नाव गुंतल्यानंतर राज्यत्याग केला आणि यशवंतराव दुसरे आले. हमीदुल्ला खान पोलोसाठी ओळखले जात. यशवंतरावांची ओढ मोटारींकडे होती. अमेरिकेतल्या उंची मोटारींची स्पर्धा मध्य भारतात कोणत्या रूपात पोचली, हे होळकरांच्या गाड्यांवरून जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कशावरूनही दिसत नाही.

अमेरिकन गाडी तोवर हिंदुस्थानात चांगलीच रुळली होती. इंग्रज राज्य असूनही इथल्या बाजारात अमेरिकेचा वरचष्मा होता, आणि त्याला कारण होते रस्ते. इंग्लंडच्या लहान गाड्या डांबरी, सपाट रस्त्यांसाठी बनलेल्या. अमेरिकन गाड्या शेतवाडीच्या कच्च्या वाटांसाठी. त्यांचे पोट जमिनीपासून उंच, इंजिन मोठे आणि किंमत तुलनेने कमी. फोर्डने 1926 मध्ये भारतात कंपनी काढली ती आपल्या कॅनडातल्या शाखेमार्फत, कारण कॅनडा साम्राज्यात होता आणि उजव्या बाजूला चाक असलेल्या गाड्याही तिथे तयार होत. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. सुटे भाग पेट्यांत भरून बोटीने येत आणि शिवडीत त्यांची गाडी होऊन बाहेर पडे. शेवरोले आणि ब्यूक ही नावे मराठी घरांत पोचली ती याच काळात.

ही मात्र साध्या आणि मधल्या दर्जाच्या गाड्यांची गोष्ट. त्यांच्या वर अमेरिकेत वेगळीच झुंज चालू होती. कॅडिलॅक, पॅकार्ड, लिंकन, पिअर्स-ॲरो आणि ड्यूसेनबर्ग ही घराणी श्रीमंत गिऱ्हाइकासाठी भांडत होती. जनरल मोटर्सने 1927 मध्ये हार्ली अर्ल यांच्या हाताखाली गाडीच्या रूपासाठी स्वतंत्र विभाग उघडला. तोवर रूप हे अभियंत्याच्या उरल्यासुरल्या वेळाचे काम होते. 1930 च्या जानेवारीत कॅडिलॅकने सोळा सिलिंडरचे इंजिन आणले. त्यातल्या तारा आणि नळ्या झाकून, मुलामा देऊन, बॉनेट उघडल्यावरही नजर ठरावी अशी मांडणी केली होती. इंजिनलाही शोभेची वस्तू मानण्याची ही सुरुवात म्हणता येईल.

ताकदीत मात्र ड्यूसेनबर्गचा हात धरणारे कोणी नव्हते. फ्रेड आणि ऑगस्ट या ड्यूसेनबर्ग बंधूंची इंडियानापोलिसची कंपनी ई. एल. कॉर्ड यांनी 1926 मध्ये घेतली आणि 1928 च्या डिसेंबरात ‘मॉडेल जे’ लोकांपुढे आणले. आठ सिलिंडर एका रांगेत, प्रत्येकाला चार झडपा, आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे 265 अश्वशक्ती. कॅडिलॅकचे सोळा सिलिंडर 165 पर्यंत जात होते, यावरून अंतर लक्षात येते. 1932 मध्ये सुपरचार्जर बसवलेले ‘एसजे’ आले, त्याची अश्वशक्ती 320 सांगितली जाई. ‘जे’च्या नुसत्या सांगाड्याची किंमत सुरुवातीला 8,500 डॉलर होती. बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायची. कंपनीच्या काही जाहिरातींत गाडीच नसे, नुसता गडगंज माणूस आणि त्याचे वैभव दाखवलेले असे.

चालकापुढचा फलक पाहिला की ड्यूसेनबर्गचा दिमाख कशात होता ते कळते. वेगमापक, इंजिनचे फेरे मोजणारा काटा, ब्रेकच्या दाबाचा काटा, हवेच्या दाबाचा म्हणजेच उंचीचा काटा, थांबवता येणारे घड्याळ. शिवाय ठरावीक मैल झाले की लहान दिवे पेटत: एक तेल बदलायची आठवण करून देणारा, एक बॅटरीत पाणी घालायला सांगणारा. हे सगळे यांत्रिक चक्रांवर चाले, आणि तेही संगणकाचे नावही नसलेल्या काळात.

यशवंतरावांनी अशीच एक ‘एसजे’ मागवली. सांगाडा अमेरिकेहून लंडनला गेला आणि जे. गर्नी नटिंग या नामांकित कारागिरांनी त्यावर दोन आसनांची, मागे होडीसारखी निमुळती होत जाणारी बॉडी बांधली. रंग नारिंगी आणि काळा, म्हणजे इंदूर संस्थानाचे रंग. 1937 च्या सुमारास गाडी पुरी झाली. ड्यूसेनबर्ग कंपनी बंद पडली तेही 1937 मध्येच, त्यामुळे ही अखेरच्या गाड्यांपैकी एक ठरली. अमेरिकन इंजिन, इंग्रजी पत्रेकाम आणि मराठी राजाचे रंग असा मेळ दुसऱ्या गाडीत क्वचितच आढळेल. ही केवळ उधळपट्टी म्हणून बाजूला सारणे योग्य नाही. जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेझिउस यांच्याकडून माणिकबाग महाल बांधून घेणाऱ्या, ब्रांकुशीच्या शिल्पांचा संग्रह करणाऱ्या माणसाची दृष्टी या गाडीच्या निवडीतही दिसते. त्याच वेळी एका संस्थानाच्या तिजोरीतून येणाऱ्या पैशावर फारसे बंधन नव्हते, हेही खरे आहे.

अमेरिकेतल्या सामान्य श्रीमंताला असा पैसा नव्हता, म्हणून तिथे रूप आणि ताकद यांच्या जोडीला तिसरे हत्यार आले: हप्ता. जनरल मोटर्सने 1919 मध्ये कर्ज देणारी स्वतःची कंपनी काढली. पुढे भाडेकराराची, म्हणजे लीजची, पद्धतही वाढली. तीत गिऱ्हाईक गाडीची सगळी किंमत देत नाही. नव्या गाडीची किंमत आणि दोन-तीन वर्षांनी तिला येणारी किंमत यांतला फरक आणि गाडीत गुंतलेल्या पैशावरचे व्याज तो महिन्याला भरतो आणि मुदत संपली की गाडी परत करतो. म्हणून जुनी झाल्यावर भाव टिकवणारी गाडी लीजवर स्वस्त पडते, आणि शोरूममध्ये महाग दिसणारी गाडीही दरमहा परवडते. 1986 च्या करसुधारणेने अमेरिकेत वैयक्तिक कर्जाच्या व्याजावरची सूट हळूहळू काढून टाकली, आणि उंची गाड्यांत लीजचे प्रमाण झपाट्याने वाढले. त्याचा फायदा कॅडिलॅक आणि लिंकनपेक्षा जर्मन आणि जपानी गाड्यांनी जास्त उचलला.

भारतात ही स्पर्धा त्या टप्प्यापर्यंत पोचलीच नाही. 1948 मध्ये इंदूर ‘मध्य भारत’ या नव्या राज्यात विलीन झाले, 1949 च्या जूनमध्ये भोपाळ केंद्राच्या ताब्यात गेले. राजांना तनखा मिळाला, पण राज्याचा महसूल हातचा गेला. डॉलरची टंचाई होती आणि परवान्याशिवाय गाडी आणता येईना. सरकारने 1953 मध्ये ठरवले की सुटे भाग इथे बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना जागा नाही. जनरल मोटर्सने आणि फोर्डने गाशा गुंडाळला.

मागे उरलेल्यांपैकी एक म्हणजे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेले, कुर्ल्यातले प्रीमियर ऑटोमोबाइल्स. वालचंदांना फोर्डने नकार दिला होता. क्रायस्लरशी करार झाला आणि 1947 पासून प्लिमथ, डॉज आणि डिसोटो या गाड्या इथे जुळू लागल्या. अमेरिकेत या तीन नावांची एकमेकांशी स्पर्धा होती. इथे येणाऱ्या गाड्या बहुतांशी एकाच प्लिमथवर बेतलेल्या असत, पुढची जाळी आणि नावाची पट्टी तेवढी बदलून. त्या मुंबईत टॅक्सी म्हणूनही धावल्या. पुढे फियाट 1100 ने त्यांची जागा घेतली आणि भोपाळ 1956 मध्ये मध्य प्रदेशाची राजधानी झाले, त्यानंतरच्या वर्षांत सरकारी गाडी म्हणून ॲम्बॅसडर येऊ लागली. बंद अर्थव्यवस्थेने देशी उद्योग उभा केला, पण गिऱ्हाइकाच्या हातातली निवड जवळजवळ संपवली.

1991 नंतर अमेरिकन कंपन्या परत आल्या, पण वरच्या दर्जाच्या गाड्या घेऊन नव्हे. फोर्डने महिंद्रासोबत आणि जनरल मोटर्सने हालोलमध्ये सुरुवात केली. शेवरोलेचे उत्पादन तळेगावातही झाले. जनरल मोटर्सने 2017 अखेर इथली विक्री थांबवली, फोर्डने 2021 मध्ये भारतातले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. या काळात कॅडिलॅक आणि लिंकन कंपनीच्या अधिकृत शोरूममधून भारतात विकल्या गेल्या नाहीत. उंची गाडी घेणाऱ्या भारतीय गिऱ्हाइकाची पहिली पसंती आज मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूला आहे. अमेरिकन नावाची गाडी हवीच असेल तर पुण्याजवळच्या रांजणगावात 2017 पासून बनणारी जीप हा त्यातल्या त्यात हाताशी असलेला पर्याय आहे.