चाऊस चाचांचं वतन

मृगाआधी माळवदावर पांढरी माती टाकायची वेळ आली की आबा चाऊस चाचांना बोलावून घेत. खाली मातीची गाडी उभी, वर ते दोघं म्हातारे, आणि थर किती जाड द्यायचा यावरून वाद. किती वर्षं गेली, त्यांचं एकमत काही झालं नाही. "आबा, हमारे वतन में माटी के सात-सात मंजिलां रहते," चाचा म्हणत. आबा हसत. मातीचे सात मजले! त्यांचं बघून मीही हसायचो.

कॉलेजात असताना शिबामचं छायाचित्र पाहिलं आणि त्या हसण्याची लाज वाटली. ती अजून गेलेली नाही. येमेनच्या हद्रामौत खोऱ्यात, कोरड्या नदीच्या काठी, उन्हात वाळवलेल्या विटांचे सात-सात मजली वाडे एकमेकांना खेटून उभे आहेत. त्यांतले बहुतेक सोळाव्या शतकातल्या महापुरानंतर बांधलेले. पाणी मुरू नये म्हणून वरच्या मजल्यांना आणि गच्चीला चुन्याचा लेप. तोही पुन्हापुन्हा द्यावा लागतो, आमच्या माळवदावरच्या मातीसारखाच.

चाऊस हा मुळात तुर्की शब्द, हवालदारासारखा हुद्दा. मराठवाड्यात आणि हैदराबादेत तो हद्रामौतहून आलेल्या अरबांचं आडनावच होऊन बसला. त्या खोऱ्यात पाणी थोडं, रान थोडं. म्हणून पुरुष बाहेर पडत. कुणी जावाला, कुणी सिंगापूरला, कुणी पूर्व आफ्रिकेत, कुणी दख्खनेत. बायका सहसा मागेच राहत. गेले तिथे हे पुरुष लग्नं करीत, आणि त्या मुलांना मुवल्लद म्हणत. चाचा मुवल्लद. आई परभणीची, बाप निजामाच्या नज्मे-जमियत फौजेतला. निजामाच्याच नव्हे, नागपूरकर भोसल्यांच्या पदरीही अरब शिबंदी होती. १८१७ साली सीताबर्डीला ते इंग्रजांशी लढले.

या अरबांतला उमर बिन अवद अल-कुऐती हैदराबादेत जमादार झाला आणि दख्खनेत कमावलेला पैसा त्याने शिबामकडे वळवला. १८८१ साली त्याच्या घराण्याने हद्रामौतचं मुकल्ला बंदर घेतलं. त्यांचं राज्य १९६७ पर्यंत टिकलं. पण पैशाची ही गोष्ट आमच्या आजीसमोर काढायची सोय नव्हती. तिच्या माहेरच्या आठवणीतला अरब म्हणजे सावकाराच्या वसुलीसाठी दारात ठाण मांडून बसलेला, कमरेला जंबिया लावलेला माणूस. चाचा ओसरीवर असले तरी ती हे बोलून दाखवी. चाचा मान खाली घालून ऐकत, खोडून काढत नसत. हद्रामौतच्या त्या वाड्यांत आमच्या काळ्या रानातली ज्वारीही चिणलेली आहे, असं मला वाटतं.

वतन हा शब्द दोघा म्हाताऱ्यांच्या तोंडी असे. आबांचं वतन म्हणजे पिढीजात इनामाची जमीन. चाचांचं वतन म्हणजे त्यांनी कधीच न पाहिलेला मुलूख.

तो मुलूख त्यांच्या थोरल्या भावाने पाहिला, पण आपल्या मर्जीने नाही. निजामाच्या राज्यावर झालेल्या सप्टेंबर १९४८च्या पोलीस ॲक्शननंतर अरब शिबंदी मोडली, अनेकांना छावण्यांत ठेवलं आणि बऱ्याच जणांना जहाजात बसवून परत धाडलं. परभणीत जन्मलेल्या माणसाला 'परत' कुठे धाडणार, हे चाचा मला विचारत. त्याच सुमारास हद्रामौतात भीषण दुष्काळ होता. भावाचं एकच पत्र आलं, तेही उर्दूत, कारण अरबी त्याला लिहिता येत नव्हतं. पाऊस नाही, विहिरी आटल्या, लोक उपाशी आहेत. आईला सांगू नको. चाचांनी आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही. आम्हाला सांगितलं ते चाळीस वर्षांनी, माळवदावर, हात मातीने भरलेले असताना.

चाचा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. २०१५ साली येमेनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा मी बातम्यांत मुकल्ल्याचं नाव शोधत बसायचो. त्याच एप्रिलमध्ये ते बंदर अल-कायदाच्या हातात गेलं आणि वर्षभर तिथेच राहिलं. २०२१ अखेरपर्यंत या युद्धाने ३ लाख ७७ हजार जीव घेतले, असा संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज आहे. त्यांतले निम्म्याहून जास्त गोळीने नव्हे, भुकेने आणि रोगराईने गेले. भावाच्या पत्रातली ओळ मला पुन्हा वाचावी लागली.

आमचं माळवद आता नाही, तिथे स्लॅब आहे. हैदराबादच्या बारकस या अरबांच्या वस्तीत लग्नात अजून मर्फा वाजतो, आणि तिकडे एडनमध्ये लग्नाच्या जेवणात आपल्या बिर्याणीची बहीण शोभेल असा जुर्बियान असतो. शिबाम १९८२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि २०१५ पासून धोक्यात असलेल्या वारशांच्या यादीतही. ते मातीचे मजले उभे आहेत आणि त्यांत आजही माणसं राहतात.