स्कॉट, वेंडेल ऑलिव्हर

स्कॉट, वेंडेल ऑलिव्हर : (२९ ऑगस्ट १९२१ – २३ डिसेंबर १९९०). अमेरिकन स्टॉक कार शर्यतपटू. नॅस्कार या संस्थेच्या सर्वोच्च मालिकेतील (तेव्हाचे नाव ग्रँड नॅशनल) शर्यत जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय चालक. बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या धर्तीवर तयार केलेल्या शर्यतीच्या गाड्यांना स्टॉक कार म्हणतात.

जन्म व्हर्जिनिया राज्यातील डॅनव्हिल येथे. गाड्या दुरुस्त करण्याची विद्या त्यांनी वडिलांकडून घेतली. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात मेकॅनिक होते. परतल्यावर टॅक्सी, गॅरेज आणि रात्री चोरटी दारू पोहोचवणे असे उद्योग त्यांनी केले. प्रेक्षक खेचण्यासाठी १९५२ मध्ये डॅनव्हिलच्या शर्यतीच्या आयोजकांना एक कृष्णवर्णीय चालक हवा होता. त्यांनी पोलिसांकडे चौकशी केली, तेव्हा ज्याचा पाठलाग करून ते थकले होते त्या स्कॉट यांचेच नाव पोलिसांनी सुचवले.

१९६१ मध्ये ते ग्रँड नॅशनल मालिकेत उतरले. १ डिसेंबर १९६३ रोजी फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिलच्या अर्ध्या मैलाच्या मातीच्या धावपट्टीवर ते इतरांच्या दोन फेऱ्या पुढे होते. तरी विजेता म्हणून बक बेकर या गोऱ्या चालकाचे नाव पुकारले गेले आणि करंडकही त्यांनाच मिळाला. फेऱ्यांची नोंद पुन्हा तपासून स्कॉट यांचा विजय मान्य झाला, तोवर प्रेक्षक घरी गेले होते. संयोजकांनी ही मोजणीतली चूक ठरवली. विजेत्याला पारितोषिक देणाऱ्या गोऱ्या तरुणीने कृष्णवर्णीयाचे चुंबन घेतलेले लोकांना दिसू नये म्हणून हे केले गेले, असे स्कॉट यांचे म्हणणे होते. वर्णभेदाचे कायदे चालू असलेल्या त्या फ्लॉरिडात हे म्हणणे खोडून काढणे अवघड आहे.

एकूण ४९५ शर्यतींत त्यांचा विजय हा एकच. पण पहिल्या दहांत ते १४७ वेळा आले आणि १९६६ च्या गुणतक्त्यात सहावे होते. हे आकडे त्यांच्या साधनांसह वाचले पाहिजेत. मोटार कंपन्यांचे पाठबळ त्यांना जवळजवळ कधीच लाभले नाही. जॅक्सनव्हिलला जिंकलेली शेव्हरोलेही त्यांनी नेड जॅरेट या चालकाकडून जुनी विकत घेतली होती. इंजिन स्वतः बांधायचे, मुलांना मदतनीस म्हणून सोबत न्यायचे, आणि पुढच्या शर्यतीसाठी गाडी शाबूत राहावी म्हणून प्रसंगी वेग आवरायचा, अशी त्यांची कारकीर्द होती. काही ठिकाणी त्यांना प्रवेश नाकारला गेला, प्रेक्षकांच्या शिव्या व धमक्याही सोसाव्या लागल्या.

१९७३ मध्ये अलाबामातील टॅलाडेगा येथे अनेक गाड्यांच्या भीषण अपघातात ते गंभीर जखमी झाले आणि नियमित शर्यती थांबल्या. त्यांच्या जीवनावर आधारलेला ‘ग्रीझ्ड लाइटनिंग’ हा चित्रपट १९७७ मध्ये निघाला. स्कॉट यांची भूमिका रिचर्ड प्रायर यांनी केली. डॅनव्हिल येथेच त्यांचे निधन झाले. २०१५ मध्ये नॅस्कारच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. १९६३ च्या विजयाचा करंडक नॅस्कारने त्यांच्या कुटुंबीयांच्या हाती ऑगस्ट २०२१ मध्ये दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बब्बा वॉलेस हे या मालिकेतील शर्यत जिंकणारे दुसरे कृष्णवर्णीय चालक ठरले.