बी पेशीला जागं कोण करतं?

बी पेशी म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. जंतूंना चिकटणारी प्रतिपिंडं, म्हणजेच अँटीबॉडी, या पेशींपासूनच तयार होतात. आमच्या लिंबागणेशला बाळाच्या लसीचा विषय निघाला की एक प्रश्न मला हमखास ऐकू येतो: "एवढ्या वेळा सुई कशाला?" त्याचं उत्तर बी पेशीला संदेश कसा मिळतो, यात आहे.

पहिला संदेश

बी पेशीवर हजारो रिसेप्टर असतात. एका पेशीवरचे सगळे रिसेप्टर जंतूचा एकच ठरावीक भाग ओळखतात. तो भाग चिकटला की रिसेप्टर एकमेकांजवळ गोळा होतात. पण रिसेप्टरची आतली शेपटी फार आखूड असते. संदेश आत न्यायचं काम शेजारची आयजी-अल्फा आणि आयजी-बीटा ही प्रथिनं करतात. लिन नावाचं एन्झाइम त्यांना फॉस्फेट जोडतं, तिथे सिक येऊन बसतं आणि पुढे बीटीके कामाला लागतं. मग पेशीत कॅल्शियम वाढतं आणि केंद्रकातली गरजेची जनुकं चालू होतात.

यातली एक कडी तुटली तर? ऑग्डेन ब्रूटन या अमेरिकन डॉक्टरांनी १९५२ मध्ये वारंवार आजारी पडणाऱ्या एका मुलाची नोंद केली. त्याच्या रक्तात प्रतिपिंडं जवळपास नव्हतीच. या आजाराचं कारण १९९३ मध्ये सापडलं: बीटीकेच्या जनुकातला बिघाड. त्यामुळे बी पेशी नीट वाढतच नाहीत.

दुसरा संदेश

एवढ्यावर बहुतेक वेळा भागत नाही. बी पेशी चिकटलेला भाग गिळते, त्यातल्या प्रथिनाचा तुकडा बाहेर मांडते. मदतनीस टी पेशीने तो ओळखला, की ती बी पेशीवरच्या सीडी-४० ला जोडली जाते. ही जणू दुसरी सही. ती मिळाली की टिकाऊ स्मृती तयार होते.

लसीत याचा उपयोग

हिब या जिवाणूवर साखरेचं कवच असतं. नुसती साखर टी पेशीला ओळखता येत नाही, म्हणून दोन वर्षांखालच्या बाळात ती लस म्हणून फारशी चालत नाही. उपाय असा, की ती साखर धनुर्वाताच्या प्रथिनाला जोडायची. बी पेशी साखर ओळखून सगळंच गिळते, प्रथिनाचा तुकडा दाखवते आणि दुसरी सही मिळवते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या पेंटाव्हॅलंट लसीत हीच जोडणी आहे.

ही लस ६, १० आणि १४ आठवड्यांना देतात. पहिल्या डोसला थोड्याच पेशी जाग्या होतात. पुढचा प्रत्येक डोस त्यांची संख्या आणि प्रतिपिंडं वाढवतो. म्हणून पहिल्या डोसला ताप आला तरी, डॉक्टरांनी थांबायला सांगितलं नसेल, तर पुढचे डोस चुकवू नका.