इंग्रजी स्वामित्वदर्शक सर्वनामे व विशेषणे : मराठी भाषकांचा वापर

वस्तू, व्यक्ती किंवा नाते कोणाचे आहे हे सांगणाऱ्या इंग्रजी शब्दांचे दोन संच. माय, युअर, हिज, हर, इट्स, अवर, देअर ही विशेषणे असून त्यांच्यानंतर नाम यावेच लागते. माइन, युअर्स, हिज, हर्स, अवर्स, देअर्स ही सर्वनामे नामाची जागा स्वतःच घेतात. मराठीत अशी विभागणी नाही. ‘ही माझी वही’ आणि ‘ही वही माझी’ या दोन्हींत ‘माझी’ एकच. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी माय, दुसऱ्या ठिकाणी माइन. ‘धिस बुक इज माय’ ही मराठी मुलांची चूक इथूनच येते.

बोलीभाषकांचे उदाहरण घेऊ. नवी मुंबईतील तळवली हे ठाणे-बेलापूर पट्ट्यातले जुने गाव. या पट्ट्यातल्या आगरी घरांत ‘माझा’चे ‘माजा’ होते, शाळेत प्रमाण मराठी, रस्त्यावर हिंदी आणि कामावर इंग्रजी. बोली बदलली तरी माजा, माजी, माजं हे लिंगाप्रमाणे फिरणे कायम राहते, आणि इंग्रजी शिकताना मुख्य अडचण त्या फिरण्याचीच आहे.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या 1836 च्या व्याकरणापासून मो. के. दामले यांच्या 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत मराठीतल्या या रूपांचा विचार षष्ठी विभक्तीच्या ओघात होत आला. ‘चा-ची-चे’ हा प्रत्यय वस्तूच्या लिंग-वचनाशी जुळतो, मालकाच्या नव्हे. ‘तिचा भाऊ’ मधला ‘चा’ भावाचा आहे. मालकीण ‘ति’ मध्ये आहे. ‘त्याची बहीण’ मध्ये ‘ची’ बहिणीची, मालक ‘त्या’ मध्ये. म्हणजे तृतीयपुरुषी एकवचनात मराठी दोघांचीही खूण ठेवते आणि इंग्रजी फक्त मालकाची. हे न कळल्याने ‘सीमा आणि तिचा भाऊ’ याचे ‘सीमा अँड हिज ब्रदर’ होते. उपाय साधा आहे : शब्दाचे शेपूट सोडायचे आणि मूळ पाहायचे. ‘ति’ असेल तर हर, ‘त्या’ असेल तर हिज. वर्गात हा नियम कोष्टकाआधी सांगायला हवा. कोष्टक पाठ केलेले मूलही बोलताना शेवटच्या अक्षरावरच जाते.

या नियमाला एक अपवाद मात्र आहे. मराठीत निर्जीव वस्तूंना आणि झाडांनाही लिंग असते. ‘नदी आणि तिचे पाणी’ येथे ‘ति’ असूनही सामान्य इंग्रजीत इट्स येते, आणि झाडाच्या ‘त्याची पाने’लाही इट्सच. हे इट्स इंग्रजीतही तसे नवेच. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निर्जीवांसाठीही बहुधा हिजच वापरत. 1611 च्या बायबलच्या पहिल्या छपाईत इट्स नव्हते. लिहिताना या विशेषणात एसच्या आधी वरचा स्वल्पविराम येत नाही. तो ‘इट इज’च्या संक्षेपात येतो.

आदराचा प्रश्न अधिक नाजूक. ‘बाबा आले, त्यांची पिशवी इथे आहे’ याचे मराठी मूल सहज ‘देअर बॅग’ करते. इंग्रजीत एका माणसाबद्दल आदर म्हणून देअर वापरत नाहीत, तेव्हा हिज म्हणावे लागते. तुझा, तुमचा आणि आदरार्थी आपला या तिघांनाही इंग्रजीत युअर पुरते.

‘आमचे गाव’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो, ‘आपले गाव’ म्हणताना तो सामील होतो. तळवलीत बाहेरून राहायला आलेल्या शेजाऱ्याशी बोलताना हा फरक माणूस सहज पाळतो. इंग्रजीच्या अवरमध्ये तो दाखवायला जागाच नाही. ‘रमेशने आपली वही घेतली’ आणि ‘रमेशने त्याची वही घेतली’ यांतही मराठीत वेगळा अर्थ निघू शकतो, दुसऱ्यात वही परक्याची असू शकते. इंग्रजीत दोन्हीकडे हिज, आणि गोंधळ टाळायला ओन जोडावे लागते.

‘मी हात धुतले’ मध्ये मराठीला ‘माझे’ लागत नाही. इंग्रजीत ‘माय हँड्स’ म्हणावेच लागते. 2000 सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले, पण हा शब्द आजही हमखास गळतो. ‘माझा एक मित्र’चे ‘माय वन फ्रेंड’ होणेही तितकेच रुळलेले. शुद्ध रूप ‘ए फ्रेंड ऑफ माइन’ असे आहे, आणि इथे माय चालत नाही, माइनच लागते.